आमच्या भिंतीचा खोकला

"काहीतरी टेक्निकल, पण सगळ्यांना समजेल असं लिही," असं मराठी विभागाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिला प्रॉब्लेम भाषेचा आला. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठीत बोललं की दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्याव्यात ही नम्र विनंती. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं, कारण ज्या एका शब्दाने सगळा उलगडा झाला तो माझ्या आजीचा शब्द आहे. कुबट. पावसाळ्यात बंद कपाट उघडलं की येतो तो वास. आजी तीन महिने हा शब्द उच्चारत होती आणि घरात कोणी तिच्याकडे लक्ष देत नव्हतं.

तर मित्रांनो, ही गोष्ट घरातल्या बुरशीची, माझ्या दम्याची आणि ‘होलिस्टिक’ उपचारांची आहे. त्यातले कोणते उपचार कामाचे निघाले आणि कोणते नुसतेच मनाचं समाधान होते, ते सगळं सांगते.

पन्नास दिवसांत रंग

२२ जुलै २०२१. माझा दहावीचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं आणि आमच्या तळमजल्याच्या घरात माझ्या डोक्याच्या वर गेलं. आम्ही शेजारच्या काकांच्या वरच्या मजल्यावरून नुसते बघत होतो. पाणी ओसरल्यावर घरात गेलो तर फ्रीज स्वयंपाकघरातून निघून पुढच्या खोलीत आडवा पडलेला, आणि सगळीकडे घोटाभर चिखल.

चिखल उपसण्यात आठ-दहा दिवस गेले. मग घरात एकच विषय, गणपती. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नास दिवसांनी. बाबा म्हणाले, "चिखलाच्या घरात देव कसा आणायचा?" पेंटर मिळत नव्हता, कारण सगळ्या गावातच रंगकाम निघालेलं. शेवटी बाबांनी स्वतः ब्रश हातात घेतला. वर प्लास्टिक पेंट आणि खालच्या चार फुटांना ऑइल पेंट, "परत पाणी आलं तर पुसून तरी काढता येईल" म्हणून. गणपतीला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "वा! पूर आला होता असं वाटतच नाही." त्या वाक्याने बाबांना किती बरं वाटायचं ते मला आठवतं. म्हणून पुढचं लिहिण्याआधीच सांगून टाकते की यात चूक त्यांची नव्हती. भिंत आतून ओली आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये नवीन प्लायवूडचं कपाट आलं. ते माझ्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं. शेजारी माझा पलंग.

घरचा दवाखाना

दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. कोरडा, रात्री दोन-तीन वाजता उठवणारा. तो काळच असा होता की कोणी खोकलं की लोक दोन पावलं मागे सरायचे! दोनदा आरटीपीसीआर केली, दोन्ही निगेटिव्ह. मग घरचा दवाखाना उघडला. आईचा विभाग म्हणजे हळद-दूध, आलं-तुळस-मिरीचा काढा आणि रात्री वाफ. मावशीचा विभाग योगाचा, त्यात जलनेती, कपालभाती आणि अनुलोम-विलोम. आजीचा विभाग सगळ्यात जोरदार. संध्याकाळी शेगडीत निखारे, त्यावर धूप, ओवा आणि कडुनिंबाचा पाला, आणि दारं-खिडक्या लावून खोलीभर धूर. "रोग पळून जातो गो धुराने!" रोग काही पळाला नाही. मीच खोकत अंगणात पळायचे. शिवाय मी स्वतः मोबाईलवर ‘बॉडी डिटॉक्स’चे व्हिडिओ बघून आठवडाभर नुसत्या फळांवर राहिले. त्याने वजन तेवढं दोन किलो कमी झालं.

डिसेंबरमध्ये मामेबहिणीच्या लग्नाला कराडला गेलो. बारा दिवस राहिलो. काढा नाही, वाफ नाही, उलट लग्नातलं आइस्क्रीम रोज. आणि चौथ्या दिवसापासून मी रात्रभर झोपायला लागले! आई म्हणाली, "कराडची हवा मानवली." परत आलो आणि तिसऱ्या रात्री खोकला हजर. खरं तर इथेच ट्यूब पेटायला हवी होती. लॅबमध्ये आपण एक गोष्ट बदलतो आणि रीडिंग बदललं की कारण तिथेच शोधतो. इथे घर बदललं होतं आणि रीडिंग बदललं होतं. पण आम्ही कारण काढ्यात शोधत बसलो.

जानेवारीत एका रात्री झोपेतून उठले आणि श्वास बाहेरच सुटेना. आत घेता येत होता, पण सोडताना छातीत शिट्टी वाजत होती. आईला "पाणी दे" म्हणायचं होतं, तर दोन शब्दांच्या मध्ये थांबावं लागलं. पहाटे तीनला बाबांनी मला स्कूटरवर मध्ये बसवलं, मागे आई, आणि हॉस्पिटल गाठलं. नेब्युलायझरचा मास्क लावल्यावर वीस मिनिटांनी मी पूर्ण वाक्य बोलू शकले. बाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांचा शर्ट उलटा होता, हे त्यांना सकाळी घरी आल्यावर कळलं.

तीन प्रश्न

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. खोकला रात्री वाढतो का? घराबाहेर राहिलं की कमी होतो का? आणि घरात ओल किंवा कुबट वास आहे का?

आजी बरोबर आली होती. ती स्टुलावरून उठलीच. "मी दिवाळीपासून सांगत्येय, कपाटाला कुबट वास येतो म्हणून!"

स्पायरोमेट्री झाली. नळीत जोराने फुंकायचं, मग औषधाचे पफ घेऊन परत फुंकायचं. दुसऱ्या वेळी आकडे बरेच सुधारले, म्हणजे श्वासनळ्या आवळल्या होत्या आणि औषधाने सैल झाल्या. निदान झालं दमा. हातात इनहेलर आला, आणि ‘पीक फ्लो मीटर’ नावाचं एक प्लास्टिकचं खेळणं. त्यात एकदा जोरात फुंकलं की श्वास सोडण्याचा सर्वांत जास्त वेग, लिटर प्रति मिनिट, काट्यावर दिसतो. रोज सकाळी फुंकायचं आणि वहीत लिहायचं. पहिलं रीडिंग २३०. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या मुलीला ते पावणेचारशेच्या आसपास हवं होतं.

घरी येऊन पहिलं काम म्हणजे कपाट ओढलं. मागे जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत काळे-हिरवे गोल, एकात एक मिसळलेले, नकाशासारखे. प्लायच्या पाठीवर पांढरी लव. ऑइल पेंटला फुगे आलेले. बाबांनी नखाने एक फुगा उचलला तर हातभर पापुद्रा निघाला आणि आतलं प्लास्टर ओल्या साखरेसारखं खाली पडलं. बाबा एवढंच म्हणाले, "हे मीच आत कोंडलं."

बुरशीला काय लागतं?

आता थोडा अभ्यास. बुरशीचे बीजाणू म्हणजे स्पोअर्स सगळीकडे असतात, अगदी या मासिकाच्या पानावरसुद्धा! बरेचसे २ ते १० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान. ते रुजायला तीन गोष्टी लागतात. अन्न, बेताचं तापमान आणि पाणी. अन्न म्हणून त्यांना प्लाय, पुठ्ठा, कापूस, रंगातला चिकट अंश, नुसती धूळसुद्धा चालते. तापमान आपल्याला आवडतं तेच त्यांनाही आवडतं. म्हणजे आपल्या हातात उरतं एकच, पाणी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम सोपा आहे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा, आणि घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. पावसाळ्यातल्या चिपळूणला हा दुसरा नियम वाचून हसूच येईल! पण तेव्हा न जमलं तरी उरलेले आठ महिने जमू शकतं.

भिंतीचं काय झालं ते बघू. आमची भिंत जांभ्याची, नऊ इंची. जांभा सच्छिद्र दगड, पाणी स्पंजासारखं पितो. भिजलेली भिंत वाळण्याचा जुना ठोकताळा म्हणजे जाडीच्या एका इंचाला साधारण एक महिना. म्हणजे आम्हाला नऊ महिने हवे होते आणि आम्ही दिले पन्नास दिवस, तेही श्रावण-भाद्रपदातले! त्यावर ऑइल पेंट म्हणजे भिंतीला रेनकोटच. पण रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो, इथे आतलं पाणी आतच अडकलं. वर कपाट चिकटलेलं, म्हणजे हवा नाही आणि उत्तरेला ऊनही नाही.

हे फक्त आमच्याकडे घडलं असं नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. ऑक्टोबरमध्ये तिथल्या ११२ घरांची पाहणी झाली, तर ४६ टक्के घरांत डोळ्यांना दिसेल एवढी बुरशी होती. पूर एक-दोन दिवसांचा असतो, पण भिंतीतला पूर महिनोन्‌महिने ओसरत नाही.

दुसरं कारण आमचं आम्हीच तयार करत होतो. पावसाळ्यात कपडे माझ्या खोलीत दोरीवर वाळायचे. खोली १२ बाय १०, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. गुणाकार करा, सगळ्या खोलीच्या हवेत मावतं जेमतेम एक लिटर पाणी! मी एक बादली धुतलेले कपडे आधी ओले आणि मग सुके वजन करून पाहिले. फरक अडीच किलो. म्हणजे जिथे एक लिटर मावत नाही तिथे अडीच लिटर ओतत होतो, तेही हवा आधीच ९० टक्के भरलेली असताना. मग ते पाणी जाणार कुठे? खोलीतला सगळ्यात थंड भाग गाठून तिथे बसणार, म्हणजे कपाटामागची भिंत. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात ड्यू पॉइंट मी दहा मार्कांसाठी पाठ केला. खरा समजला तो या दोरीमुळे.

किती घाबरायचं?

बुरशी दिसली की प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही. माझा धाकटा भाऊ त्याच घरात राहिला, त्याला शिंकसुद्धा आली नाही. ज्यांच्या शरीराला अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती आहे किंवा आधीच दमा आहे, त्यांना त्रास जास्त. २००४ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ओलसर घरांवर मोठा अहवाल काढला. खोकला, शिट्टी वाजणं, नाक-घशाचा त्रास आणि दमा बळावणं यांचा घरातल्या ओलीशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला. पण थकवा, विसरभोळेपणा वगैरे जे जे बुरशीच्या नावावर खपवलं जातं, त्याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ओलसर घरं आणि श्वसनाचे विकार यांचा संबंध मान्य केला, पण ‘एवढी बुरशी सुरक्षित’ असा आकडा दिला नाही. ओल थांबवा, बुरशी काढा, एवढंच सांगितलं. त्यामुळे हवेतली बुरशी मोजून देणाऱ्या किंवा ‘शरीरातलं बुरशीचं विष’ बाहेर काढून देणाऱ्या महागड्या पॅकेजेसच्या नादी लागू नका.

पण घाबरायचं नाही म्हणजे दुर्लक्ष करायचं असंही नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. कारण होतं राहत्या फ्लॅटमधली बुरशी, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, आणि त्यांना सल्ला मिळाला होता की वरून रंग मारा. त्या मुलाच्या नावाने तिथे पुढे कायदा झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबांना दाखवलं नाही. अजूनही दाखवलेलं नाही.

भिंतीचा उपचार

आईने आधी ब्लीच मारलं. डाग गेले, आम्ही खूश. तीन आठवड्यांनी डाग परत! ब्लीच वरचा रंग घालवतं, आतली ओल नाही. शिवाय मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते, म्हणून ती मारून भागत नाही, काढावी लागते. (एक धोक्याची सूचना. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरिन वायू तयार होतो.)

मग २०२२ च्या फेब्रुवारीत बाबांनी शास्त्रशुद्ध काम काढलं.

१) मला मावशीकडे पाठवलं. दमा असलेल्याने बुरशी खरवडण्याच्या कामात राहू नये. बाबांनी एन-९५ मास्क आणि गॉगल लावला, दार बंद केलं, आणि स्पोअर्स उडू नयेत म्हणून भिंतीवर आधी पाण्याचा फवारा मारला.

२) सगळा ऑइल पेंट आणि भुसभुशीत झालेलं प्लास्टर काढलं. कपाटाची पाठ आणि माझी गादी टाकून दिली. आत शिरलेली बुरशी प्लायमधून आणि कापसातून निघत नाही.

३) बाहेर जाऊन पाहिलं तर खरा चोर सापडला. पुराने आणलेला गाळ घराच्या मागे भिंतीला लागून तसाच होता, जोत्याच्या वर वीतभर! म्हणजे प्रत्येक पावसात भिंत बाहेरून पाणी पीत होती. तो गाळ उपसला, गटार मोकळं केलं, फुटलेली पन्हळ बदलली.

४) भिंत उघडी ठेवली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि अर्धा मे. खिडकी उघडी, टेबल फॅन चालू. पाहुणे आले की आई खोलीचं दार ओढून घ्यायची.

५) भिंत वाळली का, हे बघायला प्लास्टिकची टेस्ट केली. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवायचं आणि एक-दोन दिवसांनी बघायचं. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतलं. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीच्या हवेतलं. मार्चमध्ये आत थेंब होते. मेमध्ये प्लास्टिक कोरडं!

६) मग रंग नाही, चुना. ओला चुना अल्कली, पीएच १२ च्या वर, त्यात बुरशी तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि ही ताकद कमी होते, म्हणून पुन्हा मारावा लागतो. पण मुख्य म्हणजे त्यातून भिंतीची वाफ आरपार जाते. आजी म्हणाली, "आम्ही दर वर्षी चुनाच काढायचो. तुम्हाला तेव्हा तो गावठी वाटला."

कपाट आता भिंतीपासून सहा इंच दूर आहे आणि कपडे पडवीत वाळतात. सगळा खर्च आदल्या वर्षीच्या रंगापेक्षा कमी आला.

माझा उपचार

आता होलिस्टिक भाग. होलिस्टिक म्हणजे समग्र. पण आपल्याकडे त्याचा अर्थ ‘डॉक्टरांचं सोडून बाकी सगळं’ असा झालाय. माझा अनुभव सांगते. हा माझा अनुभव आहे, प्रिस्क्रिप्शन नाही.

इनहेलर. आजीला धक्का बसला. "एवढ्या लहान वयात पंप? सवय लागते म्हणे!" मलाही वाटायचं की औषध म्हणजे वरून मारलेला रंग आणि काढा म्हणजे मुळावरचा उपाय. मार्चमध्ये बरं वाटायला लागलं, पीक फ्लो २९० पर्यंत आला, म्हणून मी कोणाला न सांगता दोन आठवडे इनहेलर बंद केला. वहीतले आकडे २४० वर घसरले आणि खोकला परत आला. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त वही माझ्यासमोर धरली. त्यांनी समजावलं की रोजचा इनहेलर आतली सूज कमी करतो, आणि डोस मायक्रोग्रॅममध्ये, थेट जिथे हवा तिथे. म्हणजे तो रंग नव्हताच. तोही एका अर्थी आतलं प्लास्टर सुकवत होता.

जलनेती. चालू ठेवली आणि नाकाला खरंच फायदा झाला. पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाच्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. मीठ अर्धा लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे सलाइनसारखंच ०.९ टक्के. मी केमिस्ट्री लॅबसारखं मोजून घेते.

प्राणायाम. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी रोज दहा मिनिटं. दम लागला की माणूस घाबरतो, घाबरला की श्वास भरभर घेतो, आणि त्याने दम आणखी लागतो. हे चक्र मला संथ श्वासाने तोडता यायला लागलं. कपालभातीने मात्र खोकला उसळायचा, म्हणून बंद केली. योग आणि दम्यावरच्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने २०१६ मध्ये आढावा घेतला. त्यांच्या मते योगाने त्रास आणि रोजचं जगणं यांत बहुधा थोडी सुधारणा होते. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. थोडी मदत नाकारू नये आणि तिला चमत्कारही म्हणू नये.

वाफ. तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं, पण दमा त्याने बरा होत नाही आणि उकळत्या पातेल्याने भाजण्याची भीती. सोडली.

हळद-दूध. दम्यावर काही करतं असं मी म्हणणार नाही. पण रात्री दहाला आई ते घेऊन यायची, मोबाईल काढून घ्यायची आणि मी झोपायचे. झोप हेही औषधच.

ऊन. गादी, उशा, पांघरुणं आठवड्यातून एकदा उन्हात, अभ्रे गरम पाण्यात. फुकट आणि बिनधोक.

धूप. हा सगळ्यात नाजूक विषय! धूर मग तो पवित्र असो नाहीतर सिगारेटचा, फुप्फुसाला बारीक कणच दिसतात. पण आजीला हे कसं सांगायचं? तिच्यासाठी धूप म्हणजे घराची राखण. शेवटी मी तिच्यासमोर पीक फ्लो मीटर ठेवलं. धूप घालण्याआधी फुंकलं, २८०. अर्ध्या तासाने फुंकलं, २५०. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून शेगडी अंगणात तुळशीपुढे गेली आणि घरात नुसती निरांजन लागली.

मे महिन्यात आकडा ३४० वर गेला, सप्टेंबरमध्ये ३७०. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर औषध, प्राणायाम आणि भिंत या तिन्ही गोष्टी एकाच काळात चालू होत्या, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. एका समीकरणात तीन अज्ञातं! पण एवढं नक्की की भिंत ओली असेपर्यंत बाकी सगळं करूनही आकडा २९० च्या वर गेला नाही.

मी ‘पूर्ण बरी’ झालेय का? नाही. जूनमध्ये आर्द्रता वाढली की आकडा थोडा खाली येतो. डॉक्टरांनी डोस कमी केलाय, पण इनहेलर बॅगेत असतो. बरं होणं म्हणजे औषध फेकून देणं असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, रात्रभर झोप लागणं म्हणजे बरं होणं.

होस्टेलवाल्यांसाठी

आपल्या होस्टेलच्या प्रत्येक खोलीत एक चिपळूण आहे! ओला टॉवेल पलंगाच्या दांडीवर, बंद बॅगेत ओले सॉक्स, भिंतीला चिकटलेली गादी. गादी चार बोटं लांब सरकवा, टॉवेल बाहेर वाळवा, दिवसातून अर्धा तास समोरासमोरची दार-खिडकी उघडा. आणि उन्हाळ्यात कूलर वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांवर इंटरस्टिशियल लंग डिसीजच्या १०८४ रुग्णांची नोंद झाली आणि तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४७.३ टक्के रुग्णांना श्वासातून जाणाऱ्या कणांच्या अ‍ॅलर्जीने होणारा फुप्फुसविकार निघाला, आणि त्या रुग्णांपैकी ४८.१ टक्के लोकांचा एअर कूलरशी संपर्क होता. कूलर हेच कारण असं याने सिद्ध होत नाही, पण टाकी आणि गवताचे पॅड कधी साफ केले होते ते आठवून बघा. आठवत नसेल तर उत्तर मिळालंच! आणि ज्याचा खोकला सुट्टीत घरी गेल्यावर थांबतो आणि होस्टेलवर परत सुरू होतो, त्याने आधी भिंत बघावी आणि मग डॉक्टरांकडे जावं. दोन्ही करावं.

२०२२ मध्ये गणपती ३१ ऑगस्टला आले. माझ्या खोलीच्या भिंतीला नुसता पांढरा चुना, थोडा ओबडधोबड, हात लावला की बोटाला लागणारा. एका पाहुण्यांनी दारातून डोकावून विचारलंच, "काय हो, या खोलीला रंग नाही दिलात?"

बाबा मोदकांचं ताट घेऊन जात होते. थांबले आणि म्हणाले, "नाही. वाळू देतोय."